गाळीव शांतता

दर नोव्हेंबरात यार्क्को नवा फोन घेऊन घरी येई, आणि दर नोव्हेंबरात वेन्ला त्याला एकच प्रश्न विचारी, "थंडीत बंद पडत नाही ना?"

त्यावर यार्क्को कॅमेऱ्याबद्दल बोलायला लागे.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी फोनच्या पाठीला एक डोळा होता, मग दोन झाले, मग तीन. चंद्रावरचे खड्डे दिसू लागले, बशीतल्या उकडलेल्या बटाट्याला लग्नातल्यासारखा रंग चढू लागला. पण हातमोजा घालून बोट लावलं तर फोन पहिल्या वर्षीइतकाच ढिम्म राही, आणि उणे आठ अंशांत बसथांब्यावर उभं राहिलं की चाळीस टक्के बॅटरी दाखवता दाखवता डोळे मिटून घेई. फिनलंडमधल्या तांपेरे शहरात माणूस वर्षातले पाच महिने हातमोज्यांतच काढतो. वेन्लाचं ठाम मत होतं की हे फोन बनवणारे लोक कुठेतरी उन्हात, अर्ध्या चड्डीत बसलेले असणार.

जुलैत ताइमी झाली आणि हा प्रश्न गमतीचा राहिला नाही.

दुपारी बारा वाजले की ताइमीला लोकरीचे तीन थर चढवायचे, बाबागाडीत घालायचं, आणि गाडी खाली अंगणात सायकलींच्या छपराखाली नेऊन उभी करायची. बाहेरच्या गार हवेत मूल जसं झोपतं तसं घरात झोपत नाही, हे वेन्लाच्या आईला ठाऊक होतं, आईच्या आईला ठाऊक होतं. वेन्ला स्वतः अशीच बर्फात झोपून मोठी झाली होती. थर्मामीटर उणे दहाच्या खाली उतरला तरच गाडी घरात. अडचण एवढीच की वेन्ला राहायची तिसऱ्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून छपराचा वरचा बर्फ तेवढा दिसायचा, खालची गाडी नाही.

म्हणून गाडीत एक फोन असे. त्याचं नाव म्हातारा. काचेचा एक कोपरा फुटलेला, पाठीला एकच डोळा आणि त्यालाही मोतीबिंदू झाल्यासारखा. वेन्ला त्याला लोकरी मोज्यात घालून ताइमीच्या उशाशी ठेवी, आपल्या हातातल्या फोनवरून त्याला फोन लावी, वरचा आवाज खाली जाणार नाही अशी कळ दाबी आणि ऐकत बसे. म्हातारा सगळं सांगायचा. वारा, कावळा, कुणाचं बर्फाचं फावडं, आणि चाळीसाव्या मिनिटाच्या आसपास ताइमीचं पहिलं कुरकुरणं. मग वेन्ला बूट चढवून तीन जिने उतरे. दिवसाची विश्रांती चाळीस मिनिटं. त्यात केस धुवायचे की जेवायचं, एवढंच ठरवायचं असे.

त्या नोव्हेंबरात यार्क्को घरी आला तो कान लाल करून. थंडीने नव्हे, आनंदाने.

"यंदाचा नवा तुला," तो म्हणाला. "दरवर्षी माझा जुना वापरतेस. यंदा पहिला हात तुझा."

वेन्लाने फोन दोन्ही हातांत धरला. तरी सवयीने तिने विचारलंच, "थंडीत..."

"सहा तास. दुकानातल्या बाईला मी आधी तेच विचारलं."

वेन्लाने त्याची मान धरून त्याचा मुका घेतला. पाच वर्षांनी कुणीतरी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. मग तिने म्हाताऱ्याला चार्जरवर लावावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"म्हातारा कुठाय?"

"दुकानात दिला. जुना दिला की नवा स्वस्त पडतो." यार्क्कोने तिच्या चेहऱ्याकडे पाहून घाईने पुढे जोडलं, "अगं, गाडीत आता हाच ठेव ना. तुझ्या हातात आहे तो राहू दे, तुझे सगळे फोटो त्यात आहेत. आणि याचा आवाज ऐक एकदा. ऐकच."

दुसऱ्या दिवशी तो नवा फोन कामावर घेऊन गेला आणि कागद कारखान्यातल्या सगळ्यांत मोठ्या यंत्राशेजारी उभा राहून त्याने घरी फोन लावला. त्या यंत्राजवळ माणसं हातवाऱ्यांनी बोलतात.

"ऐकू येतंय?"

"येतंय. यंत्र बंद आहे का?"

"धडधडतंय. मला माझं बोलणं ऐकू येत नाहीये."

त्याचा आवाज प्रार्थना संपल्यावरच्या चर्चमधून आल्यासारखा येत होता. फोन आजूबाजूचा सगळा गोंगाट गाळून टाकतो आणि बोलणं तेवढं पुढे पाठवतो, यार्क्कोने समजावलं. त्याच्या स्वरात असा अभिमान होता की जणू ती गाळणी त्यानेच विणली आहे.

तर नवा फोन लोकरी मोज्यात जाऊन ताइमीच्या उशाशी बसला.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं झाली. वेन्ला बूट घेऊन दाराशी बसली. फोनमधून काही नाही. वारा नाही, कावळा नाही. पन्नास मिनिटं. एक तास. सत्तराव्या मिनिटाला तिला राहवेना, ती धावत खाली गेली. ताइमी गाढ झोपली होती. गाल सफरचंदासारखे, पापण्यांवर पाण्याचे दोन थेंब. बर्फ वितळला असेल, असं म्हणून वेन्लाने ते टिपले आणि ती चवड्यांवर परत फिरली. मूल पूर्ण दोन तास झोपलं.

दुसऱ्या दिवशी तिने केस धुतले, आणि नुसते धुतले नाहीत, ती बाटलीवर लिहिलेली पाच मिनिटं थांबलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी तिने कॉफी गरम असताना प्यायली. चौथ्या दिवशी ती सोफ्यावर आडवी झाली, फोन छातीवर ठेवला आणि झोपली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला स्वप्न पडलं. स्वप्नात ती झोपली होती.

गाडी रोज वीतभर सरकलेली असायची. चाकांखालच्या बर्फात मागेपुढे दोन खोल चर पडले होते. वेन्लाला ते दिसत होतं. पण झोप मिळालेल्या माणसाला फारसे प्रश्न पडत नाहीत. वारा असेल, ती म्हणाली.

बालदवाखान्यातल्या परिचारिकेने ताइमीचं वजन केलं आणि झोपेची चौकशी केली. वेन्लाने जमेल तेवढ्या नम्रपणे सांगितलं, "दुपारी सलग दोन तास. रडत नाही." परिचारिकेने पेन खाली ठेवलं. पुढच्या गुरुवारी नव्या आयांच्या बैठकीत वेन्लाला चार शब्द बोलायला बोलावण्यात आलं. तिने चाराचे चारशे केले. मूल आईचं मन ओळखतं, ती म्हणाली. आई आतून शांत असली की मूल शांत. डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेल्या सात बायका ते वहीत लिहून घेत होत्या. एकीने 'आतून' खाली रेघ मारली.

आणि सोमवारी जिन्यातल्या फळ्यावर चिठ्ठी लागली.

या इमारतीत कुणी कुणाशी बोलत नसे. बोलायचं ते फळा बोले. बाहेर पडण्यापूर्वी दाराच्या भोकाला डोळा लावून जिना रिकामा असल्याची खात्री करून घ्यायची, हा शिष्टाचार सगळे पाळत. दाराची घंटा वाजली तर समजावं, पाइप फुटलाय किंवा कुणी गेलंय. चिठ्ठीखाली नावही नसे. 'एक रहिवासी' एवढंच. पण ते तिरपं, टोकदार, शाळेच्या फळ्यावरचं वाटावं असं अक्षर तळमजल्यावरच्या कोर्पीबाईंचं, हे कावळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. कोर्पीबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांची खिडकी सायकलींच्या छपराला लागून. चार वर्षांत वेन्लाशी त्यांचं बोलणं झालं होतं ते जाता येता नमस्काराचं 'मोइ' एवढंच. एकदा मात्र त्यांनी गालिचे झटकायच्या दांडीकडे बोट दाखवून "मंगळवारी" असं म्हटलं होतं. तो त्या दोघींमधला सर्वांत लांब संवाद.

चिठ्ठीत होतं: 'दुपारी बारा ते दोन या वेळात अंगणात मूल रडते. रोज. संबंधितांनी लक्ष घालावे. एक रहिवासी.'

वेन्लाने ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना तिचे कान तापले. इमारतीत मूल एकच होतं, आणि ते रडत नव्हतं. तिच्याकडे पुरावा होता. आणि ही बाई आता गाडी अंगणातून हलवायला लावणार, मग मूल घरात, मग झोप पुन्हा चाळीस मिनिटं, मग गरम कॉफी गेली, केस गेले, स्वप्न गेलं. तिने ताइमीला कमरेवर घेतलं आणि एका हाताने उत्तर लिहिलं: 'माझी मुलगी बारा ते दोन झोपते. मी रोज ऐकते. ज्यांना रडणे ऐकू येते त्यांनी आपला रेडिओ तपासावा. वेन्ला, तिसरा मजला.'

यार्क्कोने ते वाचलं. "शेवटचं वाक्य जरा मऊ करशील?"

"हे मऊ केलेलंच आहे."

दोन दिवसांत फळ्यापुढे लोक थांबू लागले. या जिन्यात माणूस थांबणं म्हणजे दंगलच. त्यात वेन्लाने नाव घातलेलं. नाव घालून चिठ्ठी लिहिल्याचं इमारतीच्या आठवणीत नव्हतं. शेवटी रहिवाशांच्या मंडळाचे अध्यक्ष हेइमोकाका यांनी शनिवारी साडेबाराला तळघरात, सगळ्यांच्या सामाईक साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेजारच्या खोलीत सभा बोलावली. हेइमोकाका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ज्याचं माप घेता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नसे. मूल रडतं की नाही, हेही मोजता येईल, असं त्यांनी सूचनेत लिहिलं होतं.

शनिवारी बाराला वेन्लाने ताइमीला नेहमीसारखं गाडीत घातलं, गाडी छपराखाली उभी केली, मोजा उशाशी ठेवला, आणि हातातला फोन घेऊन यार्क्कोबरोबर तळघरात गेली. आठ माणसं आठ कोपरे शोधून बसली होती. खोलीला कोपरे चारच, त्यामुळे चौघांची पंचाईत झाली होती. टेबलावर कॉफी होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पिर्क्कोने भाजलेले पुल्ला, म्हणजे वेलचीचे गोड पाव. कोर्पीबाईंची खुर्ची रिकामी होती.

हेइमोकाका "नो नीन" म्हणाले, म्हणजे सभा सुरू झाली.

वेन्लाने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. "हे अंगण," ती म्हणाली. "आत्ताचं. ऐका."

सगळे ऐकू लागले. गप्प बसण्यात त्या खोलीतला एकही माणूस कच्चा नव्हता. कुणी खाकरलं नाही, खुर्ची करकरली नाही. पाच मिनिटं गेली. हेइमोकाकांनी वहीत लिहिलं: १२.३७, रडणे शून्य. वेन्लाने मान ताठ केली. एखाद्या मिनिटाने पिर्क्कोने पुल्ला उचलला, तो दातांशी नेला, आणि तेवढ्यात फोन बोलला.

"आले गं, आले. अगं ए बायो, किती ते रडायचं? नाक बघ कसं लाल झालंय."

आवाज इतका स्पष्ट होता की दोघांनी दाराकडे पाहिलं. कोर्पीबाई. पण त्यांचा आवाज एवढा लांब, एवढा मऊ, एका दमात दोन वाक्यं म्हणणारा कुणी कधी ऐकलाच नव्हता. वेन्लाला आधी कळेचना की बाई कुणाला रडू नको म्हणतायत. फोनमध्ये रडण्याचा मागमूस नव्हता.

"रोज बारा पस्तीसला सूर लावतेस. घड्याळ आहेस की मूल? पंधरा दिवस तोंड मिटून हलवतेय तुला, फार तर गुणगुणले असेन. आज बोलते. आज सगळे खाली जमलेत, खिडकीत कुणी नाही. हेइमो वही घेऊन मोजत बसला असेल. मोजू दे. शनिवारची साउनाची पाळी एक तासाची असते, हा बसतो सव्वा तास. मीही मोजते."

हेइमोकाकांनी वही मिटली.

"आणि पिर्क्को पुल्ला घेऊन आली असेल. बिचारी मन लावून करते, पण खालून दरवेळी करपतात. कुणी सांगत नाही तिला. सगळे कॉफीत बुडवून गिळतात."

सात हात टेबलाकडून मागे आले. पिर्क्कोने आपला पुल्ला उलटा करून पाहिला.

आता कुणीतरी फोन बंद करायला हवा होता. पण तसं करायला टेबलापर्यंत जावं लागलं असतं, आणि सगळ्यांच्या देखत उठण्यापेक्षा आपलं नाव ऐकणं त्या खोलीला परवडत होतं. वेन्लाचा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला, कारण आवाज खाली आला होता.

"हळू. आज तुझी आई खाली आहे, पण एरवी तिला उठवत जाऊ नकोस, पोरगी वाळून गेलीय. पहाटे चारला तिच्या खिडकीत दिवा, पाचला दिवा, सहाला दिवा. मी उठलेलीच असते, मला दिसतं. आता कुठे दोन तास डोळा लागतो तिचा. लागू दे. पण तिला माहीत तर हवं ना गं? मी काय कायमची आहे? उद्या मी बर्फावर घसरले तर तुला कोण हलवेल? दोनदा जिन्यापर्यंत गेले. पण झोपलेल्या माणसाची घंटा कशी वाजवायची, मला सांग. म्हणून चिठ्ठी लावली. तर तिने मला रेडिओ तपासायला सांगितलं." मग, जरा दुखावून, "माझा रेडिओ अठ्ठ्याऐंशी सालचा आहे. एकदाही बिघडला नाही."

वेन्ला लोकरी मोज्यांतच धावली. बूट दाराशी होते, ते तसेच राहिले. तळघराचा जिना, पुढचं जड दार, आणि दार उघडताक्षणी तो आवाज तिच्या अंगावर आला. ताइमी रडत होती. साधं नव्हे, छपरावरचा बर्फ खाली येईल असं. वेन्लाला वाटलं, सगळ्या शहराला हे ऐकू येत असेल, आणि पंधरा दिवस ते ऐकू आलं नव्हतं ते एकट्या आईला.

कोर्पीबाई गाडीच्या दांड्याला धरून उभ्या होत्या. कोटाखाली घरातला झगा, डोक्यावर पुरुषाची जुनी फरची टोपी. वेन्लाला पाहून त्यांचा हात थांबला आणि तोंड घट्ट मिटलं.

"मोइ," त्या म्हणाल्या.

"मोइ," वेन्ला म्हणाली, आणि तिने ताइमीला उचलून छातीशी धरलं. रडणं हुंदक्यांवर आलं. ताइमीचं कमी झालं तेव्हा कळलं की त्यातले थोडे हुंदके वेन्लाचे होते.

"रोज?"

"रोज. दहा मिनिटं. मग झोपते."

"आणि तुम्ही रोज..."

कोर्पीबाईंनी अंगणाकडे पाहिलं. "मला इथे कामच होतं," त्या म्हणाल्या.

एवढ्यात सगळी सभा बाहेर आली. सर्वांत पुढे यार्क्को, बायकोचा फोन कानाला लावून. ताइमीने नवे चेहरे पाहून पुन्हा गळा काढला. चार हातांवर मूल टाहो फोडत होतं, आणि यार्क्को त्याच्याकडे बघत, कान फोनला चिकटवून, हळूहळू पांढरा पडत गेला.

"यात काहीच येत नाहीये," तो म्हणाला. "गोंगाट समजून गाळतोय तो तिला."

हेइमोकाकांनी लगेच प्रयोग हाती घेतला. नवा फोन मुलापासून एक मीटरवर धरला, मग तीन, मग अर्ध्यावर. प्रत्येक वेळी यार्क्को कान लावून मान हलवी. शेवटी त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या, त्या मंडळाच्या दप्तरात अजून आहेत: 'मूल रडते. फोन ऐकत नाही.' साउनाच्या तक्रारीची नोंद झाली नाही, पण पुढच्या शनिवारी ते पंचावन्नाव्या मिनिटाला बाहेर आले.

गाळणी बंद करायची कळ यार्क्कोला त्याच दुपारी सापडली. तो इतका शरमला होता की त्याने दुकानात जाऊन म्हाताऱ्याची चौकशी केली. म्हातारा कधीच वितळवायला गेला होता. वेन्लाने पुढच्या गुरुवारी त्या सात आयांसमोर उभं राहून सगळं खरं सांगितलं. त्यांचे चेहरे इतके उजळले की तिला पहिल्या भाषणाची जास्तच लाज वाटली. जिने रेघ मारली होती तिने विचारलं, कोर्पीबाई बुधवारी मोकळ्या असतात का?

सोमवारी बाराला गाडी पुन्हा छपराखाली गेली. वेन्लाला झोप लागणार नव्हतीच. ती फोन कानाशी धरून बसली. आता वारा आला, कावळा आला, आणि बारा पस्तीसला ताइमी आली, अगदी स्वयंपाकघरात असल्यासारखी. वेन्लाने एक पाय बुटात घातला. तेवढ्यात खाली दार वाजलं आणि बर्फावर पावलं करकरली.

"आले, आले. बायो, तुझ्या आईला सांग, बुटातला पाय बाहेर काढ आणि झोप."

वेन्ला एका पायात बूट घालून बराच वेळ उभी राहिली. मग तिने तो काढला.

तो सगळा हिवाळा असा गेला. जिन्यात भेट झाली तर पूर्वीसारखंच 'मोइ', नजर भिंतीकडे. पण बारा पस्तीसला फोनमध्ये इमारत जागी व्हायची. तुझ्या आईला सांग, तुझ्या बापाची टोपी साउनात राहिलीय. तुझ्या आईला सांग, पिर्क्कोने भट्टी बदलली, आता खाऊन बघायला हरकत नाही. तुझ्या आईला सांग, माझीही पोरगी अशीच रडायची, आणि आता कॅनडातून वर्षाला एक कार्ड पाठवते. वेन्लाही शिकली. गाडी ठेवताना कोर्पीबाईंच्या खिडकीखाली वाकून ती जरा मोठ्याने म्हणे, "ताइमी, कोर्पीबाईंना सांग, उद्या आपल्याला लस टोचायची आहे, उद्या येऊ नका." आत पडदा हले. खिडकी कधी उघडत नसे.

पुढच्या नोव्हेंबरात यार्क्को दुकानातून आला तो रिकाम्या हातांनी. लग्नानंतर पहिल्यांदा. वेन्लाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय झालं?"

"यंदाचा फोन मुलाचं रडणं ओळखतो म्हणे. रडलं की लगेच सांगतो." तो बूट काढत म्हणाला. "मी म्हटलं, आमची आता बोलायला लागली. ती बाई म्हणाली, मग पुढच्या वर्षी या."

ताइमी दीड वर्षाची व्हायला आली होती. त्याच आठवड्यात तिने गाडीत झोपायला साफ नकार दिला. पट्टा सोडवून ती उभी राहायची आणि "नको" म्हणायची. तिचे शब्द दहाच होते आणि त्यातला तो सर्वांत भक्कम होता. तेव्हापासून ती वर, खिडकीजवळच्या पलंगावर झोपू लागली. दोन तास. खरोखरचे.

पहिल्या दिवशी बारा पस्तीसला वेन्लाने खिडकीतून पाहिलं. छपराच्या कडेला फरची टोपी दिसली. कोर्पीबाई झाडू घेऊन, झाडलेलीच जागा झाडत होत्या. थोड्या वेळाने त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. फोन गप्प होता. तिसऱ्या दिवशी बाराचे बारा पस्तीस होईपर्यंत वेन्लाने तीनदा कॉफीचं भांडं धुतलं. मग तिने नवा, म्हणजे आता जुना झालेला फोन ताइमीच्या उशाशी ठेवला, आपला हातात घेतला आणि ती जिना उतरली.

तळमजल्यावर ती घंटेसमोर उभी राहिली. पाच वर्षांत तिने या इमारतीत कुणाची घंटा वाजवली नव्हती. पाइप फुटलेला नव्हता, कुणी गेलेलं नव्हतं. भोकापलीकडे एक श्वास तिच्याइतकाच थांबलाय, हे तिला कळत होतं. तिने बोट टेकवलं.

दार लगेच उघडलं. आतून कॉफीचा वास आला, आणि अठ्ठ्याऐंशी सालच्या रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. कोर्पीबाईंनी वेन्लाकडे पाहिलं, मग तिच्या मागे, खाली, जिथे गाडी असायला हवी होती तिथे. दोघींच्या मध्ये मूल नव्हतं. मूल नसताना काय बोलायचं असतं, ते दोघींनाही येत नव्हतं.

वेन्लाने हातातला फोन जरासा पुढे केला. त्यातून ताइमीचा झोपेतला श्वास येत होता, अगदी बारीक, पण येत होता.

कोर्पीबाईंनी डोक्यावरची टोपी काढली, केस सारखे केले, आणि त्या फोनकडे वाकल्या.

"बायो," त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, दारात उभी राहू नको म्हणावं. दोन कप मांडलेत."